मामांचा पायाळू कॉम्प्युटर

गावाकडच्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपचा प्लग तुम्ही ढग दाटून आले की काढता? शाब्बास! पण त्याला चिकटलेल्या बाकीच्या वायर्सचं काय?

पायाळू माणसावर वीज पडते, हे तुम्ही आजीकडून ऐकलं असेलच. पायाकडून जन्मलेला तो पायाळू. आभाळात चमकायला लागलं की त्याला घरात बसवायचं, दारात फिरकू द्यायचं नाही. आमच्या खानदानात माणूस कुणी पायाळू नाही. आहे तो एक कॉम्प्युटर. तो वेवजीला मामांच्या घरी खिडकीशेजारच्या लोखंडी टेबलावर बसलेला असतो, आणि मे महिन्यात पहिला वळीव आला की अख्खं घर त्याच्याभोवती धावतं.

वेवजी म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्याचं अगदी टोक. तिथे जायचं तर उंबरगाव रोड स्टेशनला उतरायचं. स्टेशन गुजरातमध्ये आणि मामांचं घर महाराष्ट्रात. शेजारच्या सोळसुंब्याबरोबरचा हद्दीचा वाद मध्यंतरी पेपरातही येऊन गेला. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून या भागात आले आणि इथलेच झाले. रिटायर होण्याच्या आधी, 2006 साली, त्यांनी एक असेंबल्ड पीसी घेतला. पेंटियम फोर, 80 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी आणि तो टेबल व्यापून उरणारा गुबगुबीत मॉनिटर. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट 2014 च्या एप्रिलमध्ये बंद केला, मामांनी नाही केला.

‘मामा, नवा लॅपटॉप घेऊ या ना,’ हे मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी ते मला एक फोल्डर उघडून दाखवतात. त्यात सव्वाचारशे पानं आहेत. वारली शब्द, म्हणी, गोष्टी, लग्नात धवलेरी गातात ती गाणी... विद्यार्थ्यांच्या आज्यांकडून, आत्यांकडून ऐकून त्यांनी वहीत उतरवलेली आणि मग दोन बोटांनी टाइप केलेली. सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. ज्या आज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणी आता नाहीत. शिवाय वह्यांना 2012 च्या सुमारास वाळवी लागली. थोडक्यात, जे आहे ते त्या डब्यात आहे.

असं म्हणतात, की पायाळू माणसाला जमिनीतलं पुरलेलं धन दिसतं. आमच्या पायाळूच्या पोटातच ते होतं.

प्लग काढला होता, तरी?

ऑक्टोबर 2017. मी मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कुठल्याशा असाइनमेंटसाठी मामांकडे आले होते. हस्त संपून चित्रा लागलं होतं, भात कापणीला आलेलं. परतीच्या पावसाची या भागातली ठरलेली स्टाइल आहे: दुपारपर्यंत रणरणतं ऊन, चारनंतर पूर्वेकडून काळंकुट्ट आभाळ आणि मग नुसता कडकडाट. त्या दिवशी पावसाचा थेंब पडायच्या आधीच चमकायला लागलं. मामा उठले, कॉम्प्युटर शट डाऊन केला आणि बोर्डातला प्लग उपटून बाजूला ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं, की मॉडेमला टेलिफोनची तार तशीच आहे. ते ती काढायला वाकले, तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून ओरडली, ‘हात नका लावू! आधी इकडे या!’

मामीचं न ऐकणं हा मामांचा चाळीस वर्षांचा रिवाज. त्या दिवशी कसे कोण जाणे, ते सरळ झाले आणि दोन पावलं मागे आले.

घरामागच्या ताडावर वीज पडली. प्रकाश आणि आवाज यांच्यात अंतरच नव्हतं. मॉडेमपाशी एक निळसर ठिणगी उडाली, फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. आम्ही तिघंही किती वेळ गप्प उभे होतो, सांगता येणार नाही. ताडाचा शेंडा पुढे दोन दिवस धुमसत होता.

कॉम्प्युटर अर्थातच सुरू झाला नाही. मामा परत परत एकच म्हणत होते, ‘अगं पण मी प्लग काढला होता!’

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी तो अख्खा कॅबिनेट टॉवेलात गुंडाळला, डहाणूहून लोकल धरली आणि लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने तो उघडला, टॉर्च मारला आणि डॉक्टर एक्स-रे बघतो तसा बघत राहिला. ‘घरात प्रिंटर आहे ना?’ त्याने विचारलं. होता. ‘तो कुठे लावलाय?’

स्पाइकबोर्डात जागा नव्हती म्हणून प्रिंटर पलीकडच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होता. त्याचा प्लग कुणीच काढला नव्हता. लक्षातच आला नव्हता.

मग त्याने कागदावर रेघ ओढून दाखवली. टेलिफोनच्या खांबावरून आलेली तार, तिथून मॉडेम, मॉडेममधून लॅन केबल, केबलमधून मदरबोर्ड, मदरबोर्डमधून यूएसबी, तिथून प्रिंटर आणि प्रिंटरच्या प्लगमधून भिंतीतल्या वायरिंगमध्ये. लॅन पोर्टजवळ काळा डाग, यूएसबी पोर्टजवळ दुसरा. कॉम्प्युटरचा प्लग काढला होता हे खरं. पण तो दोन तारांच्या मधला पूल होऊन बसला होता आणि विजेने पूल ओलांडला.

फंडा साधा आहे

आपल्याला वाटतं, वीज डायरेक्ट घरावर पडली तरच नुकसान. तसं क्वचितच होतं. आकाशातल्या विजेत साधारण 30,000 अँपिअरचा करंट असतो. तुमचा बाथरूममधला गीझर घेतो आठ-नऊ अँपिअर. एवढा करंट काही मायक्रोसेकंदांत जमिनीत शिरतो, तेव्हा आजूबाजूच्या लांबलचक तारांमध्ये, त्यांना न शिवताही, हजारो व्होल्ट तयार होतात. विजेच्या तारा, टेलिफोनची तार, केबल टीव्हीची तार, शेजाऱ्याकडून खिडकीतून ओढून घेतलेली इंटरनेटची केबल. तार जितकी लांब आणि उघड्यावर, तितकी ती आभाळातलं जास्त गोळा करते. आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या पेंटियमच्या मेंदूला लागतो दीड व्होल्टहूनही कमी!

(आपल्या भाषेत आभाळातली तीही वीज आणि मीटरमधली तीही वीज. ‘वीज आली’ म्हटलं की मामीला विचारावं लागतं, कुठली?)

शट डाऊन केलेला कॉम्प्युटर बंद असतो, हाही गोड गैरसमज. 2000 नंतरचे जवळजवळ सगळे डेस्कटॉप एटीएक्स पॉवर सप्लायवर चालतात. प्लग सॉकेटमध्ये आणि बटण चालू असेल, तर शट डाऊननंतरही मदरबोर्डला 5 व्होल्ट मिळतच राहतात. भिंतीवरचं बटण बंद केलंत तरी ते सहसा एकच तार तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. शिवाय जी वीज ढगापासून जमिनीपर्यंतची हवा फाडून येते, तिला बटणातली दोन-तीन मिलिमीटरची फट म्हणजे काहीच नाही. म्हणून प्लग उपटायचा. सगळे प्लग. प्रिंटर, मॉनिटर, स्पीकर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर. आणि आधी टेलिफोन किंवा लॅनची तार.

फायबरवाल्यांनी हसू नये. काचेच्या तंतूतून करंट येत नाही हे खरं, पण राउटरचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतच असतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाते ती तांब्याचीच लॅन केबल. जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नसतं, त्यामुळे ही केबल हमखास असते. लॅपटॉपवाले सुखी: चार्जर आणि केबल काढली की तो बॅटरीवर निवांत.

जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं असतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वयानुसार सुकतात, फुगतात. नवा असताना जो झटका त्याने पचवला असता, तोच पंधरा वर्षांनी त्याचा जीव घेतो. आणि झटका आभाळातूनच यायला हवा असंही नाही. वादळात लाइट जाते, पंधरा मिनिटांनी येते ती डोळे मिचकावत. कुठे न्यूट्रल सुटला असेल तर 230 च्या जागी भलताच आकडा घेऊन येते. म्हणून लाइट आली की लगेच कॉम्प्युटर लावायचा नाही. आधी पंखा, बल्ब नीट चालू देत, मग दहा मिनिटांनी हा. मेकॅनिकने मामांचा सप्लाय बदलायला लावला तो याच कारणासाठी. जुना सप्लाय त्या दिवशी मेला नव्हता, पण चार कपॅसिटरांची डोकी पापडासारखी फुगली होती. एक सांगून ठेवते: हे घरी उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, आणि तो जुना गुबगुबीत मॉनिटर तर अजिबात उघडू नका. त्याच्या आत 25,000 व्होल्टच्या आसपासचं दाब वापरलं जातं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ आत दबा धरून असू शकतं.

तिसरं भोक

‘पण मी स्पाइकबोर्ड घेतला होता, चांगला सहाशेचा,’ ही मामांची दुसरी तक्रार. इथे मला खरा धक्का बसला, कारण माझ्याही घरी तसलाच बोर्ड आहे आणि मीही त्याच्या लाल दिव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

चांगल्या स्पाइकबोर्डात एमओव्ही नावाची बिस्किटाएवढी चकती असते. व्होल्टेज मर्यादेत असेपर्यंत ती गप्प असते. मर्यादा ओलांडली की ती दार उघडते आणि जादाचा करंट अर्थच्या तारेतून जमिनीत सोडून देते. प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी थोडी झिजते, आणि झिजल्याचं बाहेरून कळेलच असं नाही. बऱ्याच स्वस्त बोर्डांत तर ती नसतेच. असतो तो फक्त दिवा. बरं, चकती चांगली आहे असं धरून चालू. पण जमिनीत सोडायचं तर जमिनीपर्यंत जाणारी तार नको?

मामांच्या घरातली अर्थची तार मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. जुनी पद्धत, चालून जायची. चार वर्षांपूर्वी मात्र प्लंबरने पाइप बदलून प्लॅस्टिकचा बसवला होता. तार इमानदारीत प्लॅस्टिकला गुंडाळलेली! म्हणजे चार वर्षं त्या घरात सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, आणि सहाशेचा बोर्ड म्हणजे निव्वळ एक्स्टेन्शन.

मग खड्डा खणला. तलासरीच्या एका इलेक्ट्रिशियनने घराच्या पायथ्याशी, पागोळ्यांची ओल राहील अशा जागी, पाइप उभा पुरला. भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं आणि तिथून जाड तार थेट मीटरच्या बोर्डाला नेली. मग मीटरमागे एक सर्ज प्रोटेक्टर बसवला, म्हणजे झटका आत खोलीत यायच्या आधी दारातच अडवायचा. ‘अर्थिंग नसेल तर हा मी बसवणारच नाही, पैसे फुकट,’ असं त्याने सांगितलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल जाम आदर वाटला. वैशाखात जमीन कोरडी पडली की अर्थिंगही सुस्त होतं, म्हणून मामी रोज त्या नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतते. आधी तुळशीला, मग मीटरला, असा तिचा क्रम आहे.

आणि घरावर तडितरक्षक लावला की कॉम्प्युटरची काळजी मिटली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो सळईवाला तडितरक्षक विजेला घराला आग न लावता, भिंत न फोडता जमिनीत नेतो. तारांतून येणारा झटका अडवणं हे त्याचं कामच नाही.

इतकं सगळं केल्यावरही मामा प्लग काढतातच. घरावर किंवा जवळच्या खांबावरच वीज पडली, तर कुठल्याही चकतीची मिजास चालत नाही. फरक एवढाच, की आता ते वेळेत काढतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप त्यांच्या फोनवर आहे. 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात विजा पडू लागल्या की ते कळवतं. 40 चा इशारा आला की वायर्स निघतात. नेटवर्कच गेलेलं असेल, तर जुना हिशोब: चमकल्यापासून आवाज यायला तीन सेकंद लागले म्हणजे वीज एक किलोमीटरवर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं, म्हणजे वादळ दहा किलोमीटरवर येऊन ठेपलं. मग मात्र कुठल्याही तारेला, प्लगला, टेलिफोनला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर गेला तर गेला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. भारतात विजेने दर वर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातली बहुतेक उघड्यावर, शेतात, झाडाखाली असतात हे खरं. पण तारेला धरून घरात उभा असलेला माणूसही सेफ नसतो. मामी त्या दिवशी ओरडली नसती तर... हे वाक्य आमच्या घरात अजून कुणी पूर्ण केलेलं नाही.

पेटीतलं धन

लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात मी दुसरा प्रश्न विचारायला घाबरत होते. मेकॅनिकने हार्ड डिस्क काढली, एका कन्व्हर्टरने त्याच्या मशीनला जोडली. ती फिरली! सव्वाचारशे पानं दिसली. मी फाइल उघडली तर स्क्रीनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच. माझ्या पोटात गोळा. तो हसला. ‘डेटा बरोबर आहे, मॅडम. फॉन्ट नाही माझ्याकडे.’

युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असे असतात. अक्षर म्हणून जे साठवलंय ते आत वेगळंच काही असतं. तोच फॉन्ट हजर असेल तरच त्याचं मराठी दिसतं. म्हणजे वीज पडली नसती, नुसता फॉन्ट हरवला असता, तरी मामांची गाणी मुकी झाली असती. तुमच्या घरी बाबांनी 2003 साली टाइप केलेली काही पत्रं, आजोबांची वंशावळ, सोसायटीची जुनी मिनिट्स वगैरे पडून असतील, तर त्यांचंही हेच.

त्याच सॉकेटचा सेकंड हँड मदरबोर्ड मिळाला. चिपसेट वेगळा म्हणून एक्सपीने आधी निळा स्क्रीन दाखवला, रिपेअर इन्स्टॉल केल्यावर मुकाट्याने सुरू झाला. मामांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. पण या वेळी मी हट्ट धरला: मशीन ठेवा, प्रेमाने ठेवा, धन मात्र बाहेर काढायचं. तीन दिवाळ्यांच्या सुट्ट्या लागल्या. प्रत्येक फाइलची आधी पीडीएफ केली, कारण फॉन्ट आतच बांधलेला असला की ती कुठेही उघडते. मग कन्व्हर्टर सॉफ्टवेअरने युनिकोड केलं. जोडाक्षरांत आणि रफारांत ते हमखास चुकतं, म्हणून मामा जुन्या स्क्रीनवर बघून वाचायचे आणि मी लॅपटॉपवर दुरुस्त करायचे. एका गाण्यात तर मशीनने नवरीची नवारी करून टाकली होती. आता एक कॉपी माझ्याकडे मुंबईत, एक मामांच्या कपाटात. कपाटातली हार्ड डिस्क कॉपी झाली की लगेच काढून ठेवायची, कारण कॉम्प्युटरला लावून ठेवलेला बॅकअप हा कॉम्प्युटरबरोबरच सती जातो.

या मे महिन्यात वेवजीहून परतले आणि बोरिवलीच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला, एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला. बल्ब लागला. मग दुसरं टोक तिसऱ्या भोकात. काहीच नाही. बेडरूम, किचन, हॉल... फक्त गीझरच्या सॉकेटला तो कसाबसा लुकलुकला. घरमालकांना फोन केला तर म्हणाले, ‘इतकी वर्षं काही झालं नाही!’ हेच वाक्य मामांनीही 2017 पर्यंत म्हटलं होतं, असं मी त्यांना सांगितलं. निम्मा खर्च द्यायला ते तयार झालेत, काम पुढच्या आठवड्यात आहे.

तोवर राउटरचा अ‍ॅडॉप्टर काढून मी लॅपटॉप बॅटरीवर चालवतेय. बाहेर गडगडतंय. मघाशीच मामांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: ‘दामिनी वाजली. सगळे प्लग काढले. प्रिंटरचापण.’